घरच्या फायरवॉलवर ओपनबीएसडी, १६ जीबीची एसएसडी: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५: सामान

बोर्ड पीसी इंजिन्सचा एपीयू२ई४. एएमडी जीएक्स-४१२टीसी प्रोसेसर, चार कोअर, १ गिगाहर्ट्झ, ४ जीबी रॅम, इंटेल आय२१०एटीचे तीन गिगाबिट पोर्ट. पंखा नाही, व्हिडिओ पोर्टही नाही. जे काही बोलायचं ते नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून. हा बोर्ड आता बनत नाही, पण वापरलेले भरपूर फिरतात आणि घरच्या फायरवॉलला तेवढा दम पुरतो. डिस्क १६ जीबीची एमएसएटीए एसएसडी, एमएलसी (एका पेशीत दोन बिट ठेवणाऱ्या) फ्लॅशची. वीज १२ व्होल्ट डीसी.

बोर्ड केसमध्ये बसवताना एकच गोष्ट चुकते. प्रोसेसरची उष्णता अॅल्युमिनियमच्या पट्टीतून केसच्या तळाला जाते, आणि मधल्या थर्मल पॅडवर दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. एका बाजूचा काढला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला तरी पेटी चालू होते, म्हणून शंका येत नाही. फक्त तापमान चढत राहतं. सिस्टीम बसल्यावर 'सिसकंट्रोल' कमांडमध्ये एचडब्ल्यू.सेन्सर्स.केएम० बघायचं. लोड नसताना आकडा ५५ ते ६० अंशांच्या आसपास स्थिर राहिला तर पॅड नीट बसलाय.

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायचं कारण साधं आहे. पीएफ हे पॅकेट फिल्टर इथलंच, डिसेंबर २००१ मध्ये ३.० आवृत्तीबरोबर आलेलं. डीएचसीपीडी (घरातल्या मशीनांना पत्ते वाटणारा), अनबाउंड (डीएनएस नावं सोडवणारा), एनटीपीडी (घड्याळ जुळवणारा) हे सगळं बेस सिस्टीममध्येच मिळतं, बाहेरून काही आणावं लागत नाही. आवृत्ती ७.६.

या नोंदींत मुख्यतः एकच गोष्ट तपासायची आहे: एसएसडीला किती जपायचं? जुन्या मार्गदर्शिकांत रूट पार्टिशन रीड-ओन्ली ठेवा, सगळं रॅममध्ये हलवा, स्वॅप काढून टाका असं सांगितलेलं असतं. त्यातलं बरंचसं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांच्या काळातलं आहे. आधी मोजायचं, मग ठरवायचं.

५ जानेवारी: इन्स्टॉल

इन्स्टॉलची इमेज उतरवली आणि सिग्निफायने सही तपासली. ही पायरी टाळू नये. निव्वळ चेकसम जुळणं म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही एवढंच. ती खरी आहे का हे सही सांगते. मग डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने पेनड्राइव्हवर. इथे नेहमीची चूक म्हणजे पार्टिशनवर लिहिणं. पूर्ण डिस्कवर लिहायचं. ओपनबीएसडीवरून लिहीत असाल तर आरएसडी१सी अशा कच्च्या डिव्हाइसवर.

सिरियलला नल-मोडेम केबल लागते, सरळ केबलवर काहीच उमटत नाही. वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. बोर्ड चालू करताना एफ१० दाबून पेनड्राइव्ह निवडला. बूट प्रॉम्प्ट आला की काहीही करण्याआधी या दोन ओळी:

एसटीटीवाय कॉम० ११५२००
सेट टीटीवाय कॉम०

पहिली विसरली तर कर्नल ९६०० वेगाने बोलायला लागतो आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो. लोकांना वाटतं मशीन अडकलं. अडकलेलं नसतं, आपल्याला ऐकू येत नसतं. क्रमही हाच ठेवायचा: आधी वेग, मग टीटीवाय. इन्स्टॉलर पुढे विचारतो की कॉम० हाच कायमचा कन्सोल करायचा का. 'हो' म्हटलं की दोन्ही ओळी बूट.कॉन्फमध्ये जातात.

डिस्क निवडताना थांबा. पेनड्राइव्ह एसडी१ आहे की एसडी० हे गृहीत धरू नका. प्रश्नचिन्ह टाइप केलं की प्रत्येक डिस्कचा आकार आणि मॉडेल दिसतं. त्यानंतर डिस्क एन्क्रिप्ट करायची का हा प्रश्न येतो. लॅपटॉपसाठी उत्तम सोय, फायरवॉलसाठी नको. प्रत्येक बूटला सिरियल केबल लावून पासफ्रेज द्यावी लागेल, आणि पहाटे वीज जाऊन आली की घरभर इंटरनेट बंद.

पार्टिशनची आपोआप मांडणी घेतली नाही. १६ जीबीत ती फार तुकडे पाडते आणि सगळी डिस्क वापरून टाकते. हाताने केलेली मांडणी:

रूट १ जीबी
स्वॅप १ जीबी
/व्हार २ जीबी
/यूएसआर ४ जीबी
/यूएसआर/लोकल १ जीबी
/होम २ जीबी

उरलेली जवळपास ४ जीबी जागा कुणालाच दिली नाही. कारण असं: ओपनबीएसडीची एफएफएस फाइलप्रणाली ट्रिम पाठवत नाही. फाइल पुसली गेली हे एसएसडीच्या कंट्रोलरला कळतच नाही, त्याच्या लेखी ती पानं भरलेलीच असतात. एकदा संपूर्ण डिस्क लिहून झाली की प्रत्येक नव्या लेखनाआधी त्याला जुना माल इकडून तिकडे हलवावा लागतो. ज्या जागेवर कधीच काही लिहिलं नाही ती त्याला मोकळी मिळते. डिस्क नवी असेल तर नुसतं न वापरणं पुरतं. आधी वापरलेली असेल तर सिक्युअर इरेज करून घ्यायचं, नाहीतर मोकळी दिसणारी जागा आतून भरलेलीच असते.

अलाइनमेंटची, म्हणजे पार्टिशन फ्लॅशच्या पानाच्या सीमेवर सुरू होतं का याची, काळजी करायचं कारण नाही. ओपनबीएसडीचं पार्टिशन ६४व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे ३२ केबीवर.

स्वॅप १ जीबीच ठेवला. पूर्ण क्रॅश डंप (कर्नल कोसळताना रॅमची डिस्कवर उतरवलेली प्रत) हवा तर रॅमएवढा, म्हणजे ४ जीबी लागला असता. घरच्या पेटीत डंप वाचत कोण बसणार? त्याऐवजी सिसकंट्रोल.कॉन्फमध्ये डीडीबी.पॅनिक=० लिहिलं. कर्नल कोसळला तर डीबगरमध्ये थांबून न राहता मशीन रीबूट होतं.

इन्स्टॉलचे संच सगळे घेतले, एक्स या ग्राफिक्स प्रणालीचेही. ते गाळून वाचणारी जागा किरकोळ असते, आणि पुढे एखाद्या पॅकेजला त्यातली लायब्ररी लागली की शोधाशोध होते.

एफएसटॅबमध्ये (बूटला कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) सर्वत्र नोएटाइम घातलं, म्हणजे फाइल नुसती वाचल्याची वेळ लिहिली जात नाही. सॉफ्टडेप हा लेखन वेगवान करणारा जुना पर्याय घातला नाही. जुन्या प्रत्येक लेखात ते सापडतं, पण ७.४ पासून त्या शब्दाचा काही परिणाम होत नाही.

११ जानेवारी: नेटवर्क आणि पीएफ

ईएम० बाहेर, ईएम१ घरातल्या स्विचला, ईएम२ पाहुण्यांच्या वायफायला. कुठला पोर्ट ईएम० ते अंदाजाने ठरवू नये. एकाच पोर्टमध्ये केबल लावून आयएफकॉन्फिगमध्ये कुणापुढे 'अॅक्टिव्ह' येतं ते बघितलं आणि केसवर चिकटपट्ट्या लावल्या.

होस्टनेम.ईएम० मध्ये एकच ओळ, 'आयनेट ऑटोकॉन्फ'. सिसकंट्रोल.कॉन्फमध्ये आयपी फॉरवर्डिंग १. ही ओळ राहिली तर फायरवॉलवरून सगळं चालतं आणि मागच्या एकाही मशीनला काही मिळत नाही. पीएफमध्ये तासभर चूक शोधायच्या आधी हे बघावं.

पीएफ.कॉन्फचा गाभा ('इग्रेस' म्हणजे बाहेर जाणारा इंटरफेस, इथे ईएम०; 'नॅट-टू' म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकणं):

सेट स्किप ऑन एलओ
मॅच इन ऑल स्क्रब (नो-डीएफ रँडम-आयडी)
मॅच आउट ऑन इग्रेस आयनेट फ्रॉम !(इग्रेस:नेटवर्क) टू एनी नॅट-टू (इग्रेस:०)
ब्लॉक ऑल
पास आउट क्विक आयनेट
पास इन ऑन ईएम१ आयनेट
पास इन ऑन ईएम२ आयनेट टू !१९२.१६८.०.०/१६
पास इन ऑन ईएम२ आयनेट प्रोटो यूडीपी टू ईएम२ पोर्ट ५३

पीएफमध्ये शेवटी जुळलेला नियम जिंकतो; क्विक असेल तिथेच वाचन थांबतं. आयपीटेबल्सच्या सवयीतून आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो, कारण तिथे पहिला जुळलेला नियम जिंकतो. म्हणून 'ब्लॉक ऑल' वर आहे आणि सवलती खाली.

कंसांकडे दुर्लक्ष करू नये. (इग्रेस:०) असं कंसात लिहिलं तर पत्ता बदलला की पीएफला तो आपोआप कळतो. कंसाशिवाय लिहिलं तर नियम लोड होताना जो पत्ता होता तोच कायम धरला जातो. आठवडाभर छान चालतं, मग पुरवठादाराकडून नवा पत्ता येतो आणि पेटी जुन्या पत्त्याच्या नावाने पॅकेट पाठवत राहते. फायरवॉलवरून पिंग जातो, घरातून काहीच जात नाही, आणि रीबूट केलं की 'बरं होतं'. दोषाचं असं रूप दिसलं तर आधी कंस बघायचे.

बाहेरून येणारे खासगी पत्ते अडवायला मार्शन्स नावाचं टेबल करतात: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६ वगैरे. ते इथेही केलं, पण पुरवठादाराचा मोडेम स्वतःच १९२.१६८.१.१ असा पत्ता देत असेल तर हेच टेबल तुमचं इंटरनेट तोडतं. आधी ईएम० ला कुठला पत्ता मिळालाय ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या कप्प्यातला, म्हणजे १००.६४.०.०/१० मधला असेल तर पुरवठादाराच्या बाजूला आणखी एक नॅट आहे, आणि बाहेरून आत येणारं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नियम लिहिले तरी चालणार नाही.

पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन मिळणारी जोडणी) असलेल्यांसाठी: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४९२ होतो, त्यातून आयपी आणि टीसीपीचे ४० बाइट गेले की एमएसएस, म्हणजे आतला माल, १४५२. स्क्रबच्या कंसात मॅक्स-एमएसएस १४५२ किंवा थोडा कमी घातला नाही तर काही साइट उघडतात, काही अर्धवट लटकतात. मोडेम या बाबतीत सहकार्य करत असेल तर खालच्या इंटरफेसला १५०८ देऊन पीपीपीओईला पूर्ण १५०० मिळवता येतो.

१२ जानेवारी: दुरून नियम बदलताना

एसएसएचवरून पीएफ.कॉन्फ बदलायचा तर क्रम ठरवून ठेवला. पीएफसीटीएलला -एनएफ देऊन नुसतं व्याकरण तपासायचं. मग 'अॅट' कमांडने पाच मिनिटांनी जुनी फाइल परत लोड होईल असं काम लावून ठेवायचं. मग -एफने नवे नियम लोड करायचे आणि दुसऱ्या खिडकीतून नवं एसएसएच उघडून बघायचं. चालू असलेल्या खिडकीवर विश्वास ठेवायचा नाही. तिची स्टेट, म्हणजे पीएफने ठेवलेली चालू जोडणीची नोंद, आधीच बनलेली असते, नवे नियम तिला लागूच होत नाहीत. दार बंद झालंय हे ती खिडकी मिटल्यावरच कळतं. नवं सत्र उघडलं तर 'अॅट'चं काम काढून टाकायचं.

हेच उलट्या दिशेनेही लागू. एखाद्या मशीनला अडवणारा नियम लिहिला आणि तरी त्याचा व्हिडिओ चालूच असेल तर नियम चुकलेला नाही, जुनी स्टेट जिवंत आहे. पीएफसीटीएल -के आणि त्या मशीनचा पत्ता.

अपलोड भरला की कॉल तुटायचे, त्यासाठी एक रांग: अपलिंक २० मेगाबिटची आहे, म्हणून ईएम० वर फ्लोज १०२४, बँडविड्थ १८एम, मॅक्स १८एम, डिफॉल्ट. आकडा खऱ्या वेगापेक्षा दहा टक्के कमी हवा. बरोबरीचा ठेवला तर रांग मोडेममध्ये लागते, आणि तिथे आपलं काही चालत नाही.

१९ जानेवारी: डीएनएस, डीएचसीपी, घड्याळ

डीएचसीपीडीला कुठल्या इंटरफेसवर ऐकायचं ते आरसीसीटीएलने सांगितलं: ईएम१ ईएम२. फ्लॅग दिले नाहीत तर तो बाहेरच्या बाजूलाही पत्ते वाटायचा प्रयत्न करू शकतो, हा प्रकार शेजारधर्माला धरून नाही.

अनबाउंड ईएम१ आणि ईएम२ च्या पत्त्यांवर. पेटीने स्वतःही तोच वापरावा यासाठी डीएचसीपीलीज्ड.कॉन्फमध्ये ईएम० ला 'इग्नोर डीएनएस' लिहावं लागलं. नाहीतर रिझॉल्व्हडी दर वेळी रिझॉल्व्ह.कॉन्फच्या डोक्यावर पुरवठादाराचे सर्व्हर आणून बसवतो. फाइल हाताने दुरुस्त करत बसलेल्यांना तो पुन्हा पुन्हा हरवतो.

घड्याळाचा घोळ समजून घेण्यासारखा आहे. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बूटला तारीख कित्येक वर्षं मागे जाते. डीएनएसएसईसीच्या, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या, सह्यांना मुदत असते. चुकीच्या तारखेला त्या अवैध ठरतात, अनबाउंड नावं सोडवायला नकार देतो, आणि वेळ आणणाऱ्या सर्व्हरचं नावच सुटत नाही. ओपनबीएसडीच्या एनटीपीडी.कॉन्फमध्ये मुळातच ९.९.९.९ हा थेट पत्ता कन्स्ट्रेंट म्हणून दिलेला असतो, तो याचसाठी: नाव न विचारता साधारण वेळ मिळावी. 'हा पत्ता कशाला' म्हणून ती ओळ उडवू नये. सेल मात्र बदललाच.

१ फेब्रुवारी: लेखन किती होतं?

डिस्कची स्वतःची आकडेवारी वाचणारं स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज घातलं. 'स्मार्टसीटीएल -ए' ला एसडी०सी दिलं की तक्ता येतो. त्यात २४१ क्रमांकाचा गुण म्हणजे संगणकाने आजवर लिहिलेला माल. पण एकक प्रत्येक कंट्रोलरचं वेगळं. कुणी ५१२ बाइटचे सेक्टर मोजतो, कुणी ३२ एमबीचे गठ्ठे, कुणी थेट जीबी. डेटाशीट शोधण्यापेक्षा सोपी युक्ती आहे: /होममध्ये डीडीने /डेव्ह/रँडममधून बरोबर १ जीबीची फाइल लिहायची, सिंक, आणि आधीचा-नंतरचा आकडा वजा करायचा. इथे ३२ चा फरक आला. म्हणजे ३२ एमबीचा गठ्ठा. एवढ्या जाड एककाने एका तासाचं मोजमाप निरर्थक ठरतं. पूर्ण दिवसांचं घ्यायला हवं.

सात दिवसांत ९० गठ्ठे, म्हणजे २,८८० एमबी. दिवसाला साधारण ४१० एमबी.

हा आकडा ऐकून घाबरायचं का, ते हिशेबाने बघू. वर्षाला १५० जीबी. एमएलसी फ्लॅशची ढोबळपणे ३,००० पुनर्लेखनं धरली तर १६ जीबीच्या डिस्कवर ४८ टीबी. आता वाईटात वाईट धरू: बारीक बारीक लेखनामुळे कंट्रोलर आत दहापट लिहितो. उरले ४.८ टीबी. भागिले १५० जीबी: ३२ वर्षं. त्याआधी बोर्डवरचे कपॅसिटर जातील.

तरी एवढं लिहितं कोण हे बघितलं. 'सिसस्टॅट आयओस्टॅट' मध्ये वाचन आणि लेखन वेगळं दिसतं, आणि दोन अपराधी लगेच सापडले. एक, अनबाउंडमध्ये चाचणीसाठी लावलेलं लॉग-क्वेरीज तसंच राहिलं होतं; घरातल्या प्रत्येक टीव्हीची प्रत्येक कुरबुर डिस्कवर नोंदली जात होती. दोन, 'ब्लॉक' नियमाला लावलेला 'लॉग'. इंटरनेटवरून चोवीस तास कोणी ना कोणी दारं ठोठावत असतं, आणि पीएफलॉगडी दर ६० सेकंदांनी ते सगळं डिस्कवर ओततो. अडवलं गेलं, संपलं. त्याची यादी ठेवून उपयोग काय? 'लॉग' फक्त ईएम२ कडून १९२.१६८ कडे जाणाऱ्या प्रयत्नांवर ठेवला. तिथे काही दिसलं तर खरंच बघण्यासारखं असतं.

९ फेब्रुवारी

दोन्ही बंद केल्यावर पुढच्या सात दिवसांत ९ गठ्ठे. दिवसाला ४१ एमबी. एकही फाइलप्रणाली न हलवता.

झिजेचा प्रश्न इथे मिटला.

१५ फेब्रुवारी: प्लग उपटण्याची चाचणी

खरा प्रश्न वीज जाण्याचा. एफएफएसला जर्नल (चालू लेखनाची नोंदवही) नसतं. वीज गेली की पुढच्या बूटला एफएससीके हा फाइलप्रणाली तपासणारा प्रोग्राम चालतो. साध्या विसंगती तो स्वतः निस्तरतो, पण शंका आली की थांबतो आणि माणसाची वाट बघतो. पडदा नसलेल्या पेटीत हे थांबणं म्हणजे पेटी मेल्यासारखीच.

चाचणी: /व्हारमध्ये लहान लहान फाइली बनवणारी आणि पुसणारी स्क्रिप्ट चालू ठेवायची, सिरियल जोडलेला, आणि १२ व्होल्टचा प्लग ओढायचा. सहा वेळा केलं. पाच वेळा एफएससीके काही सेकंदांत आटोपून मशीन वर आलं. १६ जीबीला फार वेळ लागत नाही. सहाव्या वेळी /व्हारवर 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी' आणि शेलचं नाव विचारणारा प्रॉम्प्ट. एंटर, एफएससीके -वाय, रीबूट, सगळं ठीक. एका मिनिटाचं काम, पण केबल लावलेली होती म्हणून.

सहाही वेळा रूट आणि /यूएसआर स्वच्छ निघाले. ज्याच्यावर कुणी लिहीतच नव्हतं ते बिघडणार कसं? तेव्हा लेखन कमी करण्याला अर्थ आहे, पण डिस्कचं आयुष्य वाढावं म्हणून नव्हे. वीज जाण्याच्या क्षणी डिस्कवर काही चालू नसावं, यासाठी.

एसएसडीच्या पोटातही एक धोका असतो. स्वस्त डिस्कमध्ये वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरते कपॅसिटर नसतात. शिवाय एमएलसीच्या एका पेशीत दोन बिट राहतात आणि ते दोन वेगळ्या पानांचे असू शकतात. दुसरं पान लिहिताना वीज गेली तर आधीच सुखरूप लिहिलेलं पहिलं पानही बिघडू शकतं. ते फाइलप्रणालीला कळत नाही, एफएससीकेलाही नाही.

१६ फेब्रुवारी: /टीएमपी आणि /व्हार/लॉग रॅममध्ये

एमएफएस, म्हणजे रॅममध्ये राहणारी फाइलप्रणाली, वापरला. /टीएमपीला २५६ एमबी, /व्हार/लॉगला ६४ एमबी.

/टीएमपीमध्ये एक खाच आहे. एमएफएस आपल्या रूटची परवानगी ज्या डिरेक्टरीवर बसतो तिच्यावरून घेतो. आपोआप मांडणीत /टीएमपी वेगळं पार्टिशन असेल तर त्याच्या खालची रिकामी डिरेक्टरी ७५५ असते. आता वर एमएफएस बसवला की /टीएमपीही ७५५, आणि रूटखेरीज कुणालाच तिथे लिहिता येत नाही. पार्टिशन उतरवून खालच्या डिरेक्टरीला सीएचमॉड १७७७ करायचं, मग एमएफएस.

/व्हार/लॉग बूटला रिकामं येतं, आणि सिसलॉगडी नसलेली फाइल स्वतः बनवत नाही. लॉग गुपचूप हरवतात, तक्रार येत नाही. म्हणून /व्हार/लॉग-साचा अशी डिरेक्टरी बनवून त्यात मेसेजेस, ऑथलॉग, डेमन वगैरे रिकाम्या फाइली योग्य मालक आणि परवानगीसह ठेवल्या, आणि एफएसटॅबमध्ये कॅपिटल पीचा पर्याय दिला, जेणेकरून बसताना एमएफएस त्या साच्यातून भरला जाईल:

स्वॅप /व्हार/लॉग एमएफएस आरडब्ल्यू,नोडेव्ह,नोसुइड,-एस=६४एम,-पी=/व्हार/लॉग-साचा ० ०

तोटा उघड आहे. वीज गेली की लॉग गेले, आणि नेमके तेव्हाचेच हवे असतात. त्यावर उपाय म्हणून नोटिस आणि त्यावरच्या पातळीचं सगळं सिसलॉग.कॉन्फमधून घरातल्या १९२.१६८.१०.५ या मशीनकडे पाठवलं. ते मशीन नसतं तर /व्हार/लॉग डिस्कवरच ठेवलं असतं. दिवसाला ४१ एमबीसाठी आंधळं होण्यात शहाणपण नाही.

/यूएसआर रीड-ओन्ली करण्याचा विचार सोडला. ओपनबीएसडी प्रत्येक बूटला कर्नल नव्या क्रमाने पुन्हा लिंक करतं, ६.२ पासून. ते काम /यूएसआर/शेअर/रीलिंकमध्ये चालतं. तिथे लिहिता आलं नाही तर कन्सोलवर 'कर्नल रीलिंकिंग फेल्ड' येतं आणि तोच जुना कर्नल चालत राहतो. सुरक्षेची एक फुकट सोय घालवून बूटमागे थोड्या एमबींचं लेखन वाचवायचं, हा सौदा तोट्याचा.

२२ फेब्रुवारी

प्लग चाचणी पुन्हा, आता चाचणीची स्क्रिप्ट नाही, नेहमीचा वापर. दहा वेळा उपटला, दहाही वेळा एकटं वर आलं. दहा म्हणजे काही सिद्धता नव्हे. पेटीला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएसही जोडला. त्याला डेटा केबल नाही, म्हणजे बॅटरी संपत आल्याचं पेटीला कळणार नाही. तो लहान खंड झेलण्यापुरता. यूएसबीचा यूपीएस असेल तर यूपीडी ड्रायव्हर त्याचे सेन्सर दाखवतो आणि सेन्सर्सडीकडून वेळेत शटडाउन करवता येतं. सेन्सरचा क्रमांक यूपीएसनुसार बदलतो, तो दुसऱ्याच्या कॉन्फिगवरून उतरवू नये.

८ मार्च: डिस्क मेली असं समजून

दुसरी एमएसएटीए डिस्क घालून शून्यातून उभं करण्याची तालीम. बॅकअप म्हणजे /इटीसी, /व्हार/अनबाउंड/इटीसी आणि पॅकेजांची यादी यांची एकत्र टार फाइल, घरातल्या मशीनवर.

पहिल्या प्रयत्नात रीबूटनंतर फाइलप्रणाल्याच सापडेनात. कारण टारमधून एफएसटॅबही परत आला होता. ओपनबीएसडी एफएसटॅबमध्ये एसडी० असं नाव न लिहिता डिस्कलेबलची सोळा अंकी ओळख लिहितं. एरवी हे सोयीचं, पेनड्राइव्ह लावल्यावर नावं सरकली तरी बिघडत नाही. पण नव्या डिस्कची ओळख वेगळी. उपाय दोन: एफएसटॅब परत आणायचाच नाही, किंवा डिस्कलेबल -ई मध्ये 'आय' देऊन नव्या डिस्कला जुनी ओळख द्यायची. दुसरा केला तर दोन्ही डिस्क एकाच वेळी एका मशीनला लावायच्या नाहीत. पहिला निवडला, एमएफएसच्या दोन ओळी हाताने घातल्या.

एसएसएचच्या होस्ट किल्ल्या /इटीसीतच असतात, त्या परत आल्या म्हणून घरातल्या मशीनांनी कुरकुर केली नाही. पॅकेट पुन्हा वाहू लागायला ३५ मिनिटं, त्यातली दहा एफएसटॅबने खाल्ली. मग मूळ डिस्क परत लावली आणि नवी लेबल लावून केसलाच चिकटवून ठेवली.

३ मे: ७.७

२८ एप्रिलला ७.७ आलं. आधी सिसपॅच चालवून ७.६ पूर्ण अद्ययावत केलं, मग सिसअपग्रेडला -एन देऊन नुसते संच उतरवले. ते /होम/_सिसअपग्रेडमध्ये साठतात आणि अर्ध्या जीबीहून जास्त जागा घेतात. फायरवॉलवर होम कशाला म्हणून ते ३०० एमबीचं ठेवणारे इथे अडकतात. मांडणीत २ जीबी दिले होते ते यासाठीच.

रीबूट सिरियलवर बघितला. अपग्रेड कर्नलने संच बसवले, पुन्हा बूट, मग जुन्या-नव्या कॉन्फिग फाइली जुळवणारा सिसमर्ज. त्याने दोनच फाइलींबद्दल विचारलं. पीएफ.कॉन्फला त्याने हात लावला नाही. पीकेजी_अॅड -यू ने स्मार्टमॉनटूल्स नवं. सिसक्लीन पॅकेजने जुन्या लायब्ररींची यादी दिली; ती वाचूनच पुसायची, आंधळेपणाने पाइप करायची नाही. इंटरनेट एकूण ११ मिनिटं बंद.

एक गफलत: लॉग-साचा डिरेक्टरीत नवी फाइल लागली तर ती कोणी आपोआप घालत नाही. अपग्रेडनंतर सिसलॉग.कॉन्फ आणि साचा ताडून बघितला. या वेळी फरक नव्हता.

४ मे

स्मार्टचा आकडा: २२ फेब्रुवारीपासून ७१ दिवसांत, अपग्रेड धरून, ६१ गठ्ठे. दिवसाला साधारण २७ एमबी. तालमीतली नवी डिस्क परत काढून ८ मार्चलाच मूळ डिस्क लावली होती, म्हणून मोजणी सलग आहे. केसला आता नवीच चिकटलेली आहे, ७.६ सकट. तिच्यावर ७.७ टाकणं बाकी.